तळ्याकाठचा तिकोनी तुकडा

मु. गवळदरी, बिडकीन रस्ता
पोळा होऊन तिसरा दिवस

श्रीयुत कडुबा यांस,
गारखेडा, तिसरा मजला (लिफ्ट चालू झाली की नाही ते कळवावे),

सांडूचा जय भीम आणि रामराम. दोन्ही लिहिलेत, त्यातला जो घ्यावासा वाटेल तो घ्या, आणि माझ्यावरचा राग अजून उतरला नसेल तर दोन्ही लेकाला, संघपालला, देऊन टाका. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघे मात्र बरे नाहीत, हे संध्यानं सांगितलंय. ती तुमची पुतणी, तिला काळजी करायचा हक्क आहे, मला तो उरला नाही, तरी सांगतो, एरंडाची पानं गरम करून बांधा. गारखेड्यात एरंड मिळत नसेल तर निरोप द्या. इथं अजून आहे, कारण एरंड कुणाच्याच नकाशात येत नाही.

‘तुम्ही’ बघून हसू नका. जन्मभर तुम्हाला अरे कडुबा म्हटलं, पण सुनावणीच्या मांडवात आपलं जे झालं त्यानंतर अरे-तुरे करायला तोंड राहिलं नाही, म्हणून हे अहो-जाहो घातलंय. नव्या चपलेसारखं चावतंय, पण चालतोय. पत्र लिहायचं कारण असं की फोन तुम्ही उचलत नाही, आणि चुकून उचललाच तर संघपालच्या हातात देता, आणि मग तो बिचारा सांगतो की बाबा आंघोळीला गेलेत. वर्षभरात एवढ्या आंघोळी तळ्यातल्या म्हशीनंही केल्या नसतील. हे पत्र संध्या तुमच्या हातात देईल. तुम्ही ते वाचलं की नाही हे मी तिला विचारणार नाही. (विचारणार आहे.)

पहिल्यांदा तुम्ही चांद्याचं विचाराल. बैल तुमचा, माझ्या गोठ्यात ठेवून गेलात, तेव्हा तुम्ही विचारणं बरोबर आहे. त्याच्या जोडीचा माझा हौशा, त्याचंही विचाराल, तो बरा आहे. चांद्याचं सांगतो, पण ते असं एकदम सांगता येत नाही, पोळ्याच्या आदल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याच्याही आधी आपलं तळं आता कसं दिसतं ते सांगावं लागेल. नाहीतर तुम्हाला वाटेल सांडू मनचंच सांगतोय.

तर तळं. उगवतीला, जिथं तुमचं वावर होतं, तिथं ते ड्राय पोर्ट उभं राहिलं. ड्राय पोर्ट म्हणजे कोरडं बंदर. जहाज नाही, समुद्र नाही, नुसतं बंदर. कारखान्यांचा माल तिथं घराएवढ्या लोखंडी डब्यांत भरतात, कस्टमवाले सील लावतात आणि डबे मुंबईकडच्या ओल्या बंदरावर रवाना होतात. पूर्वी माझ्या गोठ्यातून सूर्य पाण्यावर उगवताना दिसायचा. आता तो एका निळ्या डब्यामागून उगवतो, आणि तो डबा आदल्या दिवशी गेलेला असला तर आमच्याकडं लवकर उजाडतं. मावळतीला शहराची बाग आली. फरशीची वाट, हिरवळ, दिवे, बाकडी, आणि प्रत्येक बाकड्यावर ते कुणी बसवलं त्याचं नाव. (बसणाऱ्यांपेक्षा नावं जास्त आहेत.) बंदराला जाळी, बागेलाही जाळी. मधे पाणी आहे, ते दोघांनाही छान दिसतं.

तळ्याकाठच्या जागेच्या सुनावणीत तुमचं म्हणणं होतं, बंदर येऊ द्या, पोरांच्या हाताला काम मिळेल. माझं म्हणणं होतं, काठ शहराला द्या, झाडं लागतील, तळं तळ्यासारखं राहील. एकच माइक होता, तो दोघांनी दोन बाजूंनी धरला, हे सगळ्या तालुक्यानं बघितलं. तुम्ही म्हणालात, “तुझ्या बागेत माझ्या पोरांनी फुगे इकायचे का?” मी म्हणालो, मग जा डब्यात राहायला. आणि तुम्ही महिन्याच्या आत गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात. मी तसं म्हणालो नव्हतो, कडुबा. म्हणजे म्हणालो होतो, पण जा म्हणालो नव्हतो.

आता वर्षानं बघतो तर दोघांचंही खरं निघालं. संध्या बंदराच्या फाटकावर नोकरीला आहे, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालते, आणि मिशीवाले ट्रकवाले तिला मॅडम म्हणून हाक मारतात. आणि आमची सारजाबाई रोज सकाळी लुगड्याखाली पांढरे बूट घालून फरशीच्या वाटेवर चालते, तिचा दमा बराच कमी झालाय. (ते बूट बघायला तरी एकदा या.) तेव्हा बंदरही वाईट नाही आणि बागही वाईट नाही. फक्त पाण्यापाशी जायला वाट राहिली नाही. ती तुम्हीही मागितली नाही आणि मीही मागितली नाही, कारण पाण्याची वाट मागावी लागते हे आपल्या दोघांच्या बापांनी आपल्याला सांगितलं नव्हतं.

हे कळलं ते खांदेमळणीच्या दिवशी. पोळा उद्यावर आलेला, बैल धुवायला हवे. चांद्याचं वय उन्हाळ्यापासूनच दिसायला लागलं होतं, उठताना दोनदा जोर करायचा, वैरण पुढ्यात तशीच राहायची. पण दोर सोडले आणि मी हुर्र म्हटलं तर हौशाच्या आधी तोच तळ्याकडं निघाला. आधी बागेकडं गेलो, कारण मी बागेच्या बाजूचा माणूस. तिथं दारातच शहरानं बैलजोडीचा पुतळा उभा केलाय, प्लास्टिकसारखं काहीतरी आहे, नांगराला जुंपलेली जोडी आणि मागं फेटेवाला शेतकरी. शेतकरी हसतोय. जू असं ठेवलंय की खरा बैल असता तर पहिल्या तासालाच गळा आवळून पडला असता. लोक त्यावर लेकरं बसवून फोटो काढतात. चांद्यानं त्या पुतळ्याच्या बैलाला हुंगलं, आणि मग माझ्याकडं असा बघायला लागला की मलाच त्याची माफी मागावीशी वाटली.

रखवालदार म्हणाला, आत जनावरं न्यायला मनाई आहे. मी पुतळ्याकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, “ते हागत नाय ना, काका.” तेवढ्यात हौशानं तिथंच, स्वागताच्या रांगोळीवर, रखवालदाराचा मुद्दा पटवून दिला. मग बागेच्या सायली मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, परंपरा जपण्यासाठीच तर हे सगळं केलंय, उद्या पोळ्याला सजवलेले बैल पुतळ्याशेजारी उभे करा, आम्ही हार घालू. पण पाण्यात उतरवता येणार नाहीत, पाण्यात पुढच्या महिन्यात होड्या सोडायच्या आहेत. धुवायचं पलीकडं बंदराच्या हद्दीत बघा. मी म्हणालो, बरं. भांडायला माझ्याकडं एकच माणूस होता आणि तो गारखेड्याला गेलेला.

बंदराच्या फाटकावर संध्या होती म्हणून निभावलं. तिच्या कॉम्प्युटरला कुठली गाडी आत येतेय ते सांगावं लागतं, ट्रक की ट्रेलर की मोटार. बैल त्याला ठाऊक नाहीत. ती बराच वेळ बटणं दाबत बसली, मागं ट्रकांची रांग लागली, शेवटी तिनं मालक म्हणून तुमचं नाव घातलं आणि गाडीच्या जागी ‘इतर’ लिहिलं. मग म्हणाली, “काका, नियम हाय, हेल्मेट घालाच.” टोपीवर हेल्मेट बसेना, टोपी खिशात घातली. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं ते नारिंगी जाकीटही घातलं. आत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तसली पट्टी पाहिजे, तेव्हा तिनं तसल्याच पट्ट्या दोघांच्या शिंगांना गुंडाळल्या. इतका थाट माझ्या लग्नातही नव्हता. त्यांचे साहेब विश्वजीत म्हणून आहेत, तेही बाहेर आले, चांगला माणूस, त्यांनी स्वतः सांगितलं की कंटेनर धुवायचा उतार आहे तिथं न्या, पंप चालू करून देतो.

आता जे झालं ते मी तुम्हाला समोर बसवून सांगणार होतो. तो धुवायचा उतार कुठं आहे ठाऊक आहे? तुमच्या वावरात. पण मला ते ओळखू आलं नाही. विहीर नाही, बांध नाही, बोर नाही, सगळीकडं सिमेंट आणि डब्यांच्या भिंती, त्यात मी वाट चुकल्यासारखा कासरा धरून उभा. आणि चांद्या चालायला लागला. हौशा नेहमीसारखा त्याच्या अंगाला लागून. सरळ गेले, डब्यांच्या मधून, एका रेषेत. एका ठिकाणी, जिथं काहीच नव्हतं, नुसतं सिमेंट, तिथं चांद्या थांबला आणि उजवीकडून वळला. हौशाही वळला. परत तसेच सरळ आले, इकडं थांबले, वळले. मला वाटलं घाबरलेत. तिसऱ्या वेळी वळले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, इथं तुमचा बांध होता. नांगराच्या रेघेचा तास संपला की आऊत इथंच फिरायचं. ते दोघं तुमचं वावर नांगरत होते, कडुबा. जू नाही, नांगर नाही, खाली सिमेंट, आणि बैल आपले तास घालतायत.

मी कासरा सोडून दिला. समोरून एक लांबलचक ट्रेलर आला, त्यानं भोंगा वाजवला, तर संध्या हात आडवे करून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. ती लहानपणी तुमची भाकर घेऊन यायची त्या वावरात, तिलाही कळलं असणार. विश्वजीत साहेब विचारत होते, काय करतायत हे. शेवटी मी म्हणालो, काम करतायत. ते हसले नाहीत. जोवर बैल थांबले नाहीत तोवर त्यांनी तिकडचा रस्ता बंद ठेवला, मुंबईचे डबे तसेच उभे. तुमच्या जमिनीचा असा मान बंदर मंजूर झालं त्या दिवशीही कुणी ठेवला नव्हता.

मग धुतले. पंपाचं पाणी जोराचं, हौशा आधी नाचला. चांद्या मात्र डोळे मिटून उभा. पंपाची नळी तळ्यातूनच आलीय हे मी नंतर विचारून घेतलं, म्हणजे तळ्याचंच पाणी अंगावर पडलं, तेवढं खोटं झालं नाही. संध्याकाळी सारजानं तूप-हळद कालवली, मी पळसाच्या पानानं दोघांचे खांदे मळले. चांद्याच्या खांद्यावरचा घट्टा आता मऊ पडला होता, वर्षभर जू नाही ना. खांदे मळून झाल्यावर दरवर्षी म्हणतो तसं दोघांच्या कानात म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. तुमच्या बैलाचं आवतन तुम्ही द्यायचं असतं. मी तुमच्या वतीनं दिलं. त्यानं कान हलवला.

त्या संध्याकाळी मला आपली पहिली जोडी आठवत होती. तुमचा एक, माझा एक, दोघांच्या दारी एकेकच बैल म्हणून वारंगुळ्यानं शेती करायची. तेव्हा गावातल्या काही बुजुर्गांचं म्हणणं होतं की पोळ्याच्या तोरणाखालून कडुबाचा बैल गावाच्या रांगेत जायला नको. आपण काय केलं, दोघांना एकाच दाव्यात बांधून आणलं. माझा आत सोडायचा तर तुमचा सोडावा लागे, तुमचा अडवायचा तर माझा अडवावा लागे. बुजुर्ग मिशी चावत बसले आणि जोडी तोरणाखालून गेली. एवढ्या मोठ्या माणसांना आपल्याला वेगळं करता आलं नाही. आणि एका तळ्याच्या दोन काठांनी केलं, हे मला अजून नीट समजत नाही.

पोळ्याच्या दिवशी उजाडताना गोठ्यात गेलो. चांद्या गेलेला होता. मान हौशाच्या बाजूला होती. शिंगांवर त्या चमकपट्ट्या तशाच. डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले, वयच झालं होतं, कशानं काही झालं नाही. मी त्यांना दोनदा विचारलं की पाण्याच्या जोरानं तर नाही, ते दोनदा नाही म्हणाले. सारजानं पुरणाची डाळ शिजत घातली होती. ती चुलीपासून उठून आली, त्याच्यापाशी बसली, आणि त्यालाच रागवायला लागली, “आवतन घेतलं अन् जेवायला नाय थांबला. लई मानी. मालकावर गेला.” मग पदर तोंडाला लावून खूप रडली. मीही रडलो. हे तुम्हाला कळवताना लाज वाटत नाही.

आता त्याला ठेवायचं कुठं. माझ्या माळावर हातभर खाली कातळ. बंदरात सिमेंट. बागेत हिरवळ, तिला रोज मोटरनं पाणी. मग मला तुमचा तिकोना आठवला. दोन जाळ्या जिथं जवळ येतात तिथं, तुमच्या कडुलिंबाच्या झाडाखाली, एक तिकोनी तुकडा तसाच पडलाय. बंदरवाल्यांना वाटलं तो बागेत गेला, बागवाल्यांना वाटलं बंदरात गेला, आणि सातबाऱ्यावर तो अजून कडुबाचाच आहे. दुपारची भाकर तिथंच तर खायचो आपण. गाडवाटेनं अजून जाता येतं. विश्वजीत साहेबांनी जेसीबी पाठवला, पैशाचं नाव काढलं नाही. सायली मॅडमनी दोन माणसं आणि झेंडूची रोपं पाठवली. एक वर्ष झालं, बंदर आणि बाग एकमेकांना कागदं पाठवतात, दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे आपल्या चांद्याचा खड्डा. मीठ टाकलं, झूल घातली, पट्ट्या काढल्या नाहीत. झुलीवर पुरणाची पोळी ठेवली.

असं झालं. तुमच्या अमानतीत माझ्याकडून काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्या. सुनेला आशीर्वाद, संघपालला सांगा की आता त्यानं आंघोळीचं कारण बदलावं. काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, बैल तुमचा होता, कळवणं माझं काम होतं.

कळावे,
आपला (पूर्वीचा) वारंगुळ्याचा भागीदार,
सांडू

ता. क. तुमच्या जागेत न विचारता खड्डा केला. त्यावर जे बोलायचं असेल ते बोला, पण ते फोनवर ऐकून घेणार नाही. समोर येऊन बोला.

आणखी एक. मुद्द्याचं राहिलंच. खड्डा बुजवून झाल्यावर साहेबांनी आणि मॅडमनी जेसीबीच्या बॉनेटवर आपापले नकाशे पसरले, आणि तेव्हा पहिल्यांदा दोघांना तो तिकोना दिसला. आता तो दोघांनाही पाहिजे. त्यांना ट्रक उभे करायला, ह्यांना मोटारी उभ्या करायला. रविवारी दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून तुमचे तीन मजले चढणार आहेत. माणसं चांगली आहेत, चहा द्या. विकू नका असं मी म्हणणार नाही, मागच्या वेळी मांडवात म्हणून काय झालं ते बघितलंय. संघपालच्या घराचे हप्ते, तुमचे गुडघे, सगळं मला कळतं. माझं एवढंच मागणं आहे, सही तिसऱ्या मजल्यावर करू नका. लिंबाखाली येऊन करा. तिथं बसून तुमचा हात चालला तर साक्षीदार म्हणून खाली मी सही करतो आणि पुन्हा तोंडातून शब्द काढत नाही. आणि नाहीच चालला, तर त्या दोघांना म्हणू, बाबांनो, एवढ्या जागेतून पाण्यापर्यंत एक वाट काढून द्या, माणसांना आणि गुरांना. बंदरही राहू द्या, बागही राहू द्या. हे आपण दोघांनी एका माइकवर तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं.

आणखी. वर लिहिलंय की हौशा बरा आहे. तो बरा नाही. तीन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. दावं लांब सोडलं तरी गोठ्यात आपल्याच बाजूला उभा राहतो, चांद्याची जागा मोकळी ठेवून. सारजा म्हणते, मीही संध्याकाळी ओट्यावरच्या बाजेवर वर्षभर तसाच बसतो, एका कडेला, शेजारी जागा सोडून. मला माहीत नव्हतं. काल बघितलं, खरं आहे.

सारजा शनिवारी पुन्हा पुरण घालणार आहे. हे आवतन समज, कडुबा. कान हलवला नाहीस तरी चालेल. चांद्यानं घेतलं आणि जेवायला थांबला नाही, तू तसं करू नको.